झग्याचा दाब

दिग्रस, मंगळवार, दिवेलागणीले, १९६१

ताईच्या कुसुमले मामाच्या लग्नात घालाले झगा शिवला. मासिकातल्या चित्रासारखा दिसावा म्हणून खाली दुमडाचं वाढीव कापड ठेवलंच नाही. आईनं पाहून कपाळावर हात मारला.

"वाढत्या पोरीच्या झग्याले चार बोटं दाब ठेवतेत, बाई! तिले वाढू द्याची नाही का तुले?"

मी हसली. "कापडानं का कोणी वाढते, आई?"

दुपारपासून कुसुम तापानं फणफणून राह्यली. डॉक्टर उद्या येईन. ताई माह्याकडे पाहतच नाही.

कॉलेज शिकली मी. असल्या गोष्टींची थट्टा करून कथा लिहिते. मंग काहून उठली मी? उरलेलं कापड शोधलं. चार बोटं निघालं. पट्टी जोडाले बसली, तं सुईत दोरा जाईना.

ताई उठली. तिनंच ओवून देल्ला.