नकाशा परस्पर दाखवला

अंबाजोगाई
रविवार, १४ मे २०००

सूर्यकांतच्या क्लासमधला कॉम्प्युटर रोज दुपारी तापून बंद पडतो. तो पाण्याने थंड ठेवायची योजना माझी, कुठल्या पुस्तकात न बघता केलेली. प्रोसेसरवर तांब्याची पोकळ डबी, कूलरच्या पंपाने तिच्यातून पाणी खेळवायचं आणि जुन्या जीपच्या रेडिएटरमध्ये निववायचं. डबीचा तळ मी काचेवर घासून असा सपाट केलाय की पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसत नाही. या जोडणीचा मी काढलेला नकाशा तेवढा सूर्यकांतकडे ठेवला होता.

आज नळ्यांचं माप घ्यायला गेलो, तर हा खुशीत.

"लई भारी काम झालं! साहेब म्हणले, नकाशा एकदम बरोबर हाय. बसव आता."

"कोण साहेब?"

"जावयाचे दोस्त. औरंगाबादचे इंजिनियर हायेत. पाणी अन् करंट एका पेटीत, म्हटलं एकदा दाखवून घ्यावं. तुला कावून राग आला बे? पास झालास की!"

पास! चूक निघाली असती तरी एवढं लागलं नसतं. तो तळ हाताने घासला मी, आणि याचा भरवसा बसला कुणाच्या तरी मान हलवण्यावर. "मग साहेबालाच बोलव बसवायला," म्हणालो आणि निघून आलो.

त्याचा रेडिओ, टीव्ही, गिरणीची मोटर, पोरीच्या लग्नातली लायटिंग, सगळं माझ्याच हातचं. तेव्हा नाही त्याने कुणाला विचारलं.

की तेव्हाही विचारत होता?