बिनबटणाची गिटार

१९ जानेवारी १९९७, बारामती

परत गेला! दुसऱ्या गाण्यातच गिटारचा आवाज गेला. मी वेड्यासारखी हात मारतेय आणि बॉक्समधून वाजतोय तो सूरजचा कीबोर्ड — गिटारचा आवाज लावून! पुढं बसलेले बाप्ये माझ्याकडं बघून टाळ्या वाजवतायत. बोटं सूरजची, तोंड माझं.

मोरगावहून परत येताना टेम्पोत मामाला विचारलं. संभाजीमामा ऑर्केस्ट्राचा मालक, आईचा सख्खा भाऊ, आणि बारामतीत मी राहते तीही त्याच्याच घरात. म्हणून तोंड सांभाळून विचारलं. तर म्हणतो, "तुझीच करंगळी लागती बटणाला. आवाज तूच बारीक करतीस आन् बोंब आमच्या नावानं."

सगळा टेम्पो हसला. सूरज जास्तच हसला. त्याचे दात एक दिवस मोजायला घेणार आहे मी.

२० जानेवारी

सकाळपासून करंगळीकडं बघतेय. गुणाची बाई, खरंच तू?

२६ जानेवारी

वाईट याचं वाटतंय की मामाचं म्हणणं खरं असू शकतं. माझा हात जोरकस आहे. आबांवर गेलाय. ते बिरोबाचा ढोल वाजवतात तसा खांद्यापासून येतो. सूरज म्हणतो, "तू वाजवत न्हाईस, जोंधळा बडवतीस." आणि या गिटारवर आवाजाचं बटण बसवलंय कुठं, तर शेवटच्या बारीक तारेला खेटून! ज्यानं ही बनवली त्याचा हात दुधातल्या सायीसारखा असणार. हात खाली आला की करंगळी बटणाला घासते, बटण फिरतं. कळतही नाही.

पण मग आधी का नाही फिरलं? ऑर्केस्ट्रात आले तेव्हा पहिले काही महिने आवाज ठणठणीत येत होता. हे सगळं गेल्या उन्हाळ्यापासूनचं.

जाऊ दे. बटणाची टोपी उपटून टाकली. आता नुसती दांडी आहे. बघू कशी फिरते.

३ फेब्रुवारी

इंदापूरला लग्नात कार्यक्रम. दांडीनं करंगळी सोलून निघाली, तारांवर रक्त. आवाज तिसऱ्या गाण्याला गेला. नवरदेवाच्या मित्रांनी "लेडी गिटार! लेडी गिटार!" करून डोकं उठवलं. एकालाही कळलं नाही की लेडी गिटार मुकी आहे. बहिरे मेले सगळे.

९ फेब्रुवारी

आज गिटारचं पोट फाडलं. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, तेव्हा मास्तर माझ्या हातात सोल्डरिंग आयर्नच्या आधी झाडू द्यायचे. तरी शिकले ते शिकलेच.

आत काय आहे? तीन कंट्रोल — एक आवाजाचा, दोन टोनचे. टोनचे मला कशाला हवेत? मला गोड वाजवायचंच नाही. दोन्ही काढून फेकले. आवाजाचा कंट्रोल तिथून उचलला आणि पार खाली, शेवटच्या भोकात बसवला. माझा हात कितीही फिरला तरी तिथं पोचत नाही. रिकाम्या भोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. दिसायला भयाण. माझ्यासारखीच.

मामाच्या टेपरेकॉर्डरला जोडून तासभर बडवली. कंट्रोल जागचा हलला नाही! मामा दारातून बघून गेला. म्हटलं, आता करंगळीचं नाव घे. मला वाटलं खजील झाला.

१६ फेब्रुवारी

आवाज गेला.

आवाज गेला आणि मी वाजवता वाजवता खाली वाकून पाहिलं. कंट्रोल पूर्ण उघडा! तसूभरही फिरलेला नाही. करंगळी निर्दोष!! महिनाभर त्या बिचारीला शिव्या घातल्या.

मग मान वर करून मिक्सरकडं पाहिलं. सोनबातात्या मिक्सरवर असतात. म्हातारा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी बघितल्याबरोबर खाली मान घालून तपकिरीची डबी शोधायला लागला.

कार्यक्रम झाल्यावर वायरी गुंडाळताना गाठला. "तात्या, माझा आवाज तुमी बंद करता?"

"मला काय इचारू नगं बाय. मालकाला इचार."

मालकाला विचारलं. चारचौघांत, मोठ्यानं. मामा आधी इकडंतिकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सूरजचा हात सफाईचा हाय. लोकान्ला स्टेजवर बाई दिसली पायजे. तू दिसतीस. आजून काय पायजे तुला?"

सूरज म्हणाला, "मला सांगत्यात तेवढं मी वाजवतो."

सगळे चोर. मालक चोर, कीबोर्डवाला चोर, तो तपकिरीचा म्हातारा तर महाचोर! आणि मी? बुजगावणं. शेतातल्या बुजगावण्याला निदान पाखरं तरी भितात.

१७ फेब्रुवारी

मामाच्या घरात मामाचंच जेवले. उपाशी राहून भांडता येत नाही.

२ मार्च

आबा मार्केट यार्डात कांदा घेऊन आले होते, तिथून घरी आले. सगळं सांगितलं. मामानं काय केलं, सोनबानं काय केलं, सूरज कसा हसतो. आबा चहाच्या बशीत बघत राहिले. मग म्हणाले, "वाजवतीस न्हवं? मग झालं की."

झालं कसं? पण त्यांना नाही बोलले. ही गिटार त्यांनीच आणली. पुण्याहून, घोंगड्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, काय हाय? तर म्हणाले, लेकीचा ढोल हाय. आमच्यात मेंढरं होती तेव्हापासून बिरोबाच्या गजीनाचात पहिला ढोल आमच्या घरचा. तो मान आबांचा. तळहात बघावेत त्यांचे! माझा हात ओळखणारा माणूस घरात तो एकच आहे.

कार्यक्रमाला मात्र अजून एकदाही आले नाहीत. शेतीचं असतं त्यांचं.

जाताना आबा आणि मामा ओट्यावर हळू आवाजात बोलत होते. मी बाहेर आले तर दोघं गप्प. आबांनी माझ्यासाठी मामाचे कान उपटले असणार. बरं झालं.

१४ मार्च

चुलतभाऊ शंभूराज भेटला. कारखान्याला ऊस ओढतो, ट्रॅक्टरवर टेप आणि अँप्लिफायर असा लावलाय की तो आमच्या वरकुट्यातून निघाला की शेजारच्या गावात कळतं. म्हणाला, आपल्या जत्रेला यंदा ऑर्केस्ट्रा बघतायत. मी म्हटलं, आमचाच सांग. माझ्याच गावात, माझ्या माणसांपुढं वाजवायचंय मला. एकदा! मग मेले तरी चालेल.

मामाला कळलं तर तोंड कारल्यासारखं झालं. "वरकुट्याला नगं."

"का?"

"नगं म्हनलं ना."

भाचीची बाहुली करून नाचवतो हे तिच्या गावानं बघू नये, म्हणून! आहे का लाज? असावी थोडी.

१८ मार्च

जत्रा कमिटीची माणसं स्वतःच घरी आली. नारळ घेऊन. देवाच्या कामाला मामाला नाही म्हणता आलं नाही. मी पोहे केले आणि मनापासून वाढले.

९ एप्रिल, वरकुटे

पाडव्याला घरी आलेय. आज अंगणात गिटार परत फाडली. आता आवाजाचा कंट्रोलच काढून टाकला. तारांखालच्या पिकअपची वायर थेट बाहेरच्या जॅकला. बटण नाही, टोन नाही, काही नाही. तार हलली की आवाज — पूर्ण! गिटारवर तो कमी करायची सोयच ठेवली नाही. मला कुठं कमी वाजवायचंय?

सोल्डर करताना गिटार हलत होती. आबा आपण होऊन येऊन बसले आणि त्यांनी ती मांडीवर घट्ट धरली, कोकरू धरतात तशी. मी काय करतेय ते विचारलं. सांगितलं. म्हटलं, हिचा आवाज आता कुणाला बारीक करता येणार नाही.

आबा तारांवरून अंगठा फिरवत राहिले. आई, मुक्ताबाई आमची, चुलीपासून म्हणाली, "भावकी काय म्हनंल?" आबांनी तिच्याकडं बघितलंही नाही.

मग म्हणाले, "पक्कं बशीव मग. सुटाय नगं."

परत थोड्या वेळानं म्हणाले, "पन वायर तर मिक्सरलाच जानार. सोनबाच्या हातात."

मी वेडी! हे सुचलंच नव्हतं मला. संतापानं डोक्याचा भुगा झाला की असं होतं.

आबा म्हणाले, "शंभूच्या ट्रॅक्टरला अँप्लिफायर हाय. कर्णा हाय. स्टेजमागं लावाय सांग त्याला."

असा बाप कुणाला मिळतो? आणि तिकडं तो मामा! दोघंही माझ्याच घरची माणसं, पण केवढा फरक.

२१ एप्रिल

शंभूनं वायर करून दिली. लांब आहे. उद्या.

२३ एप्रिल

हात सुजलाय. तरी कालचं लिहिते.

बिरोबाच्या देवळासमोरचं पटांगण गच्च. पुढं भावकीची पागोटी, मागं बाया. आबा पहिल्या रांगेत! पहिल्यांदाच आले. नवा सदरा. मामा पडद्याआडून त्यांच्याकडं सारखा बघत होता, घाम पुसत होता. घाबर म्हटलं. घाबर अजून.

पहिलं गाणं देवाचं, त्यात गिटार नसते. दुसऱ्याला नेहमीप्रमाणं माझा आवाज गेला. सोनबाकडं पाहिलंसुद्धा नाही. मिक्सरची वायर उपटली, शंभूची खुपसली.

भुर्रर्र करून कर्णा असा ओरडला की पुढची पोरं दचकून मागं पडली. मग मी हात टाकला. आई गं! वर्षभर स्टेजवर असं ऐकलं नव्हतं मी स्वतःला. देवळाच्या भिंतीवर आपटून परत येत होतं. गोड नव्हतंच. राग होता सगळा, एकेका तारेत एकेक जण. ही मामाला, ही सूरजला, ही तपकिरीच्या डबीला! मामा दोन्ही हात हलवून बंद कर म्हणत होता. मी हसून दाखवलं. लोकांना बाई हसलेली दिसली पाहिजे ना?

सूरजनं कीबोर्डवरचे हात उचलले. हाताची घडी घालून बघत उभा राहिला. मी एकटीच वाजवत होते. मग मागून एक बाई ओरडली, "वाजीव गं पोरी!" — आणि सगळा बायांचा घोळका उठला. शिट्ट्या. तसल्या नव्हेत, निराळ्या.

त्या गडबडीत पाहिलं तर आबांची जागा रिकामी. पागोटी एकमेकांच्या कानाला लागली होती. आबा मान खाली घालून पटांगणातून ओढ्याकडं चालले होते.

लेकीला वाजवताना बघवलं नाही? मग कर्णा कशाला सांगितला? आख्ख्या गावापुढं मला एकटी सोडून गेले! मामापेक्षा जास्त राग आबांचा आला. घरी आले तरी बोलले नाही त्यांच्याशी.

२३ एप्रिल, संध्याकाळ

गजीचा पहिला ढोल आज बिरदेवनं वाजवला. भावकीतला आहे, ढोल धरायची अक्कल नाही त्याला. आबा नव्हतेच. पागोट्यांना विचारलं तर तोंड फिरवतात. माझ्यामुळं? मी वाजवलं म्हणून बापाचा मान काढला? भाड खाल्ली या भावकीनं!

२४ एप्रिल

मामा बारामतीला निघताना सांगून गेला. माझ्याकडं न बघता.

गेल्या जत्रेत भावकीनं आबांना देवळात बोलावून जाब विचारला होता. लेक चार गावांत वाजवत हिंडते, मग देवाचा ढोल तुझ्याकडं कसा? आबांनी भंडारा उचलला. बिरोबापुढं हातात हळद घेऊन शपथ — लेक नुसती उभी ऱ्हाती, तिचा हात कुणी ऐकलेला न्हाय. दुसऱ्या दिवशी बारामतीला येऊन मामाला म्हणाले, "भंडारा उचललाय. आता माझा शबुद पडू दिऊ नगा."

दोन महिने मी ज्याला शिव्या घालत होते, तो चोर माझ्या घरात होता. मांडीवर गिटार धरून बसला होता.

आबा अंगणात ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. मानाचा ढोल आता कायमचा बिरदेवकडं पोचवायचा होता, ढिला देऊ नये म्हणून. मी म्हटलं, "तुमीच?"

"व्हय."

"मग कर्ण्याचं का सांगितलंत?"

दोरी ओढत म्हणाले, "वड्यापल्याड जाऊन बसलो हुतो. तितवर समदं आयकू आलं."

भांडायला गेले होते. राग अजून आहे, खूप आहे. पण दोरी ताणायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक मी धरलं.