शनिवारच्या चकाट्या

३ ऑक्टोबर १९९८, शनिवार

आज पुन्हा भलत्याच ठिकाणी हसलो! रेडिओवर 'चावडीवरच्या चकाट्या' हा कार्यक्रम लागला होता. त्यातले सरपंच आणि कोतवाल आठवडाभराच्या बातम्यांची टर उडवतात, अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर जमते. मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. शेजारच्या रिक्षावाल्या भिकनचं पोट हललं की मी हसतो. आज त्याला ठसका लागला होता — आणि मी खो खो! सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी बायको रुक्मिणीपण.

५ ऑक्टोबर

बावीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेली, कान कसे राहतील? आधी गुणगुण तरी यायची, आता तीही नाही. कारखान्यात निभतं. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे ओठांवरूनच बोलतात. रुक्मिणीनेही आठ वर्षं तिथंच सुताच्या कांड्या भरल्या. आमचं जमलंच तसं — आवाज न ऐकता.

तिला कळता कामा नये. कळलं तर दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून मला गावी, अमळनेरला नेईल. तिथं मी काय करू? मला लूमशिवाय काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर सुरत सोडवत नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

रुक्मिणीचं नवीन खूळ. गर्दीत मजा येत नाही म्हणून कुणालाच बोलावलं नाही. रेडिओ मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिकडचं प्रत्येक वाक्य लगेच स्वतः म्हणू लागली, अगदी हातवारे करून. मला सगळं कळलं! सरपंचाने कांदे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. मॅनेजर म्हणतो, वास येतो. कोतवाल म्हणतो, येऊ द्या साहेब, श्रीमंतीचाच आहे.

किती दिवसांनी खरा हसलो. आणि हिला काही संशय नाही, देवाची कृपा.

३१ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीनंतर कार्यक्रमाला जास्तच रंग चढलाय. आज कोतवालाने नळाचा विषय काढला — सगळे पाळीवर गेले की पाणी येतं, आणि परतले की जातं. मग एका रिक्षावाल्याची गोष्ट, ज्याची रिक्षा प्रवाशांनी ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. हुबेहूब आमचा भिकन! मी विचारलं, रेडिओवाल्यांना आपल्या लिंबायतच्या गल्लीतलं कसं कळतं गं?

"रेडिओवालासले समदं माहीत ऱ्हास," म्हणाली.

१५ नोव्हेंबर

सरपंचाचं काम अलीकडे जरा कच्चं वाटतं. कोतवाल मात्र एक नंबर.

२८ नोव्हेंबर, शनिवार

आज कोतवालाच्या बायकोची गोष्ट होती. नवरा घोरतो म्हणून ती पंचायतीत तक्रार करते, आणि तो एक रात्र घोरला नाही तर घाबरून उठून बसते. हे सांगताना रुक्मिणी मधेच थांबली. म्हणाली, जाहिरात लागलीय. फार गोड दिसत होती.

११ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चहाच्या टपरीवर भिकन भेटला. मी गेल्या शनिवारच्या कोतवालाचा विषय काढला. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग सावकाश, ओठ उघडून म्हणाला, "तो कार्यक्रम दिवाळीलेच बंद व्हयना, दादा." दिवाळीलाच बंद झाला?

घरी आलो. रुक्मिणी बाजारात गेली होती. रेडिओचं मागचं झाकण उघडलं. आत सेलच नाहीत.

उद्या शनिवार. मला सगळं कळलंय हे तिला सांगायचं आहे. पण कार्यक्रम संपल्यावर.