भायेर ये

लडाख, १२ ऑक्टोबर

आई,

तुझ्या नि बाबांच्या इथूनच पाया पडते. मी बरी आहे, दोन वेळा जेवते. कापणीला म्हसळ्याहून माणसं मिळाली का?

इथं मी काय बघते, विचारलं होतंस. विझत आलेल्या एका ताऱ्याभोवती धुळीचा ढग आहे. डोळ्यांना न दिसणारा त्याचा उबदार उजेड आमच्या दुर्बिणीवरचं यंत्र टिपतं. त्या उजेडातल्या रेषांवरून कळतं, तिथं आपल्या चुलीच्या काजळीसारखंच काहीतरी आहे.

मंगळवारी दुपारी यंत्र गार ठेवायला मी त्यात द्रव नायट्रोजन ओतत होते. तेवढ्यात दारातून तुझी हाक आली, "बाय, भायेर ये!" मी धावत बाहेर आले, तर कोणीच नव्हतं. मागोमाग आत धोक्याची घंटा वाजली. नळी फुटून खोलीत वायू भरला होता. त्याला वास नसतो. माणूस कळायच्या आत कोसळतं.

डॉक्टर म्हणाले, विरळ हवेत भास होतात. मलाही ते पटलं होतं. पण काल जेवताना स्टॅन्झिननं विचारलं. तो इथलाच, मंगळवारी शेजारच्या खोलीत काम करत होता; मराठीचं अक्षर त्याला येत नाही. "तुला हाक मारणारी ती बाई कोण होती? आणि 'भायेर' म्हणजे काय?"

आई, तेव्हा तू कुठं होतीस? तुला बरं आहे ना? फोनवर विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते.

तुझीच,
आरोही