सप्टेंबरची परीक्षा

लिपोवा, सास्काचेवान
८ जानेवारी २००४

चि. ओरेस्ट यास बापाचे, तुझ्या तातोचे, अनेक आशीर्वाद.

परवा, आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे, नाताळचं जेवण झालं. आईने कोबीची पानं भरून केली होती, तुझंही ताट मांडलं होतं. आपला बुर्को मात्र नाताळापर्यंत राहिला नाही. म्हातारं कुत्रं, झोपेतच गेलं. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून आधी शेकोटी पेटवून ती मऊ केली आणि अंगणात तुझ्या हॉकीसाठी पाणी गोठवून केलेल्या रिंकमागे त्याला पुरलं.

आता मुद्द्याचं. शेजारच्या वासिलच्या पुतण्याने तुमचा हॉकीचा सामना पाहिला. तो सांगतो, तुला कोणीतरी असं आपटलं की हेल्मेट उडालं, आणि उठून तू दुसऱ्याच संघाच्या बाकावर जाऊन बसलास. वासिल हसला. म्हणाला, तेरा वर्षांत अकरा संघ फिरला पोरगा, बाराव्यात चुकून शिरला असेल. मला हसू आलं नाही. डॉक्टरने तपासलं का? फोनवर मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा लिहूनच कळव. आईला काही बोललेलो नाही.

माया आहे तशी राहू दे.
तातो

ब्रेंटन फॉल्स, ओंटारियो
१६ जानेवारी

ती. तातो यांस सा. न. वि. वि.

बुर्कोचं वाचून वाईट वाटलं. रिंकमागे पुरलात ते बरं केलंत. तिथेच तर तो माझी हॉकीची चकती पळवायचा.

वासिलकाकांना सांगा, तो बाक जास्त मऊ होता. डॉक्टरने तपासलं, पास झालो. खरं सांगू? आम्हा जुन्या खेळाडूंची एक युक्ती आहे. हंगामाआधी, सप्टेंबरात, संगणकावर स्मरणशक्तीची परीक्षा घेतात. ती आम्ही मुद्दाम वाईट देतो. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. गुण सप्टेंबरइतके पडले की खेळायला मोकळे! सगळेच करतात.

आणि एक कुजबुज: वरच्या, मोठ्या संघातला एकजण जायबंदी झालाय, मला बोलावतील म्हणे. तातो, एकच सामना! तेहतिसाव्या वर्षी पहिला. आईला हे जरूर सांगा.

आपला लाडका भटक्या,
ओरेस्ट

लिपोवा
२३ जानेवारी

चि. ओरेस्ट यास आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मी सहावी शिकलेला, संगणकातलं मला कळत नाही. पण धडधाकट असताना तू आजाऱ्याचं सोंग केलंस, तर खरोखर आजारी पडल्यावर डॉक्टरला कळावं कसं? गुरं विकताना वजनाचा काटा बिघडवणारे मी पाहिलेत. स्वतःच्या डोक्याचा काटा बिघडवणारा तूच पहिला.

आई चर्चमध्ये तुला बोलावणं यावं म्हणून मेणबत्ती लावते. मी तिच्याच शेजारी बसून, येऊ नये म्हणून विनवतो. देव कोणाचं ऐकेल याचीच धास्ती आहे. डॉक्टरला खरं सांग, बाळा.

म्हाताऱ्यावर रागावू नकोस.
तातो

ब्रेंटन फॉल्स
३० जानेवारी

ती. तातो यांस सा. न. वि. वि.

बोलावणं आलं! चौदा तारखेचा सामना. मोठ्या संघाचा शर्ट, पाठीवर आपलं आडनाव. आईला म्हणावं, मेणबत्ती पावली. तुम्ही उगाच घाबरता. डोकं ठीक आहे. उजेड जरा सहन होत नाही, म्हणून खोलीचे पडदे ओढून ठेवतो, एवढंच.

बुर्को काय म्हणतो? या थंडीत त्याला बाहेर झोपू देऊ नका. घरी आलो की त्याला रिंकवर पळवतो.

आशीर्वाद असू द्या.
ओरेस्ट

लिपोवा
६ फेब्रुवारी

चि. ओरेस्ट यास आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवत होतो. बुर्कोपाशी आलो आणि कागद मिटला. पुढे काय लिहिलंय, असं तिने विचारलं. मी म्हणालो, संपलं.

मग सहकारी दुकानातून तुमच्या डॉक्टरला फोन लावला. त्याचं मला ऐकू येईना, म्हणून मीच ओरडून सगळं सांगितलं. सप्टेंबरची परीक्षा, पडदे, कुत्रा. अख्खं दुकान ऐकत होतं. वासिलही होता, या वेळी हसला नाही. त्यानेच फोन हातात घेऊन डॉक्टरचं ऐकलं आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं की तुला आता वर पाठवणार नाहीत, खालीही खेळवणार नाहीत.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. तूही बोलू नकोस. रस्ते मोकळे झाले की वासिलची गाडी घेऊन तुला न्यायला येतो.

बुर्को रिंकमागे आहे, बाळा. तिथे पुरला ते बरं केलं, असं तूच लिहिलं होतंस.

लोभ राहिला नाही तरी चालेल. तू राहा.
तातो