पाचवी तक्रार: डब्यातील थंडाव्याबाबत

जळगाव मुक्कामी माझे ज्येष्ठ साडू श्री. संपतराव यांस,

मी, विश्वास केशव दाभाडकर, वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न, एका मालवाहतूक कंपनीत अंतर्गत तपासनीस, हे पत्र आपली क्षमा मागण्यासाठी आणि एका लहानशा कामासाठी लिहीत आहे. काम शेवटी सांगतो. आपला गुडघा आणि सुखदाताईंची झोप सुधारली असावी. येथे सर्व ठीक. अपवाद आपल्या मेहुणीच्या, भानुमतीच्या, घशाचा.

मे महिन्यात आपण आमच्याकडे होता तेव्हा भुयारी गाडीत मी छताच्या जाळीखाली थर्मामीटर धरून उभा राहत असे, हे आपण पाहिले आहे. (आपण बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसला होता.) माझा संशय असा की, गार हवा डब्याच्या टोकांना सोडतात आणि मधल्यांना तिचा फक्त आवाज ऐकवतात. अठरा दिवसांच्या नोंदींत तिसऱ्या डब्याच्या मध्यभागी पारा एकोणतीसखाली उतरला नाही. (हे यंत्र कशाचे, असे सुरक्षारक्षकाने दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले नाही, ते मला अधिक खटकले.)

मी चार तक्रारी केल्या. चारही वेळा आभाराचे एकच उत्तर आले, स्वल्पविरामासह. माझे नाव कुठल्यातरी यादीत गेले आहे, हे उघड होते. म्हणून पाचवी तक्रार दुसऱ्या नावाने केली. नवव्या दिवशी जाळ्या साफ झाल्या, गर्दीप्रमाणे हवा कमीजास्त करणारी यंत्रणा सुरू झाली आणि माझ्या थर्मामीटरने बावीस दाखवले. चार वेळा माझ्यासाठी न हललेली व्यवस्था त्या इसमासाठी नऊ दिवसांत हलावी, याचे दुःख मी बाजूला ठेवतो.

परंतु त्याच गाडीने भानुमती करोल बागेतल्या तालमीला जाते. अकरा वर्षे गणेशोत्सवात समूहगानाच्या दुसऱ्या रांगेत उभी राहिल्यावर यंदा तिला प्रथमच एकटीने गायचे आहे, अठ्ठावीस ऑगस्टला. आणि तिचा वरचा सा लागत नाही. उकाड्यातून एकदम गारठ्यात गेल्याने घसा बसला, असे डॉक्टर म्हणतात. थंडावा कमी करावा असा अर्ज मंडळातल्या गायिकांनी करायचे ठरवले, आणि माझा मसुदा नेटका असतो म्हणून तो माझ्याकडे आला. स्वतःविरुद्ध मी दीड पान लिहिले. ‘एका बेजबाबदार तक्रारदारामुळे’ हे शब्द भानुमतीचे. मी ‘जागरूक’ सुचवला होता. आमची शिवांगी डोकावून म्हणाली, ‘चलो बाबा, त्या बिचाऱ्याची बाजू समजून घेणारं कुणीतरी आहे.’ तिला काय माहीत आहे, याचा मी शोध घेत आहे.

(सही ताज्या कलमांनंतर करतो, मधल्या जागेत कोणी काही घालू नये.)

ता. क. १ : पाचव्या तक्रारीवर नाव आपले आहे. पोच येण्यासाठी फोन नंबर मात्र भानुमतीचा दिला, कारण माझा यादीत असणार. ती असले मजकूर वाचणार नाही असे वाटले होते, पण परवा तिच्या फोनवर मजकूर आला : ‘संपतरावजी, आपके सुझाव पर ठंडक बढ़ा दी गई है.’ डॉक्टरांनी तिला पुढच्या रविवारपर्यंत मौन सांगितले आहे. ते मोडून ती एकच वाक्य बोलली : ‘जळगावच्या माणसाला, स्वेटर घालून, उकडलं?’ मी म्हणालो, प्रकृतीचे काही सांगता येत नाही.

ता. क. २ : मौन सुटताच, म्हणजे सतराला, तिचा आपणांस फोन येईल. आपणांस उकडले होते एवढे कृपया मान्य करावे आणि पुढचे ऐकून घ्यावे. शिवाय थंडावा चोवीसवर आणावा अशी सहावी तक्रारही आपणच करावी. तेथे आपले ऐकतात. माझ्यासाठी नको, तिच्या सा साठी करा.

ता. क. ३ : फोनवर बोललो असतो, पण आमच्या घरात सगळे ऐकू जाते. ऑफिसचे पत्र आहे असे सांगून लिहायला बसलो. भानुमतीने न मागता पाकीट आणून ठेवले. त्यावर तिकिटे लावलेली आहेत आणि आपला पत्ता तिच्या अक्षरात आधीच लिहिलेला आहे. मला यात काहीतरी संशयास्पद वाटते.

आपला,
विश्वास केशव दाभाडकर
मुनिरका, नवी दिल्ली
१० ऑगस्ट २०२५