देवघरातला मासा

लखनौ, ३ फेब्रुवारी २०२५

ती. निरुपमाआत्यास, कौमुदीचा शि. सा. न.

फोनवर देवाचा विषय काढला की तू फोनच ठेवतेस, म्हणून पत्र. संक्रांतीला काढलेला आपल्या शाळिग्रामाचा फोटो जीवाश्मांवरच्या माझ्या पीएचडीच्या सरांना दाखवला. सर खुर्चीतून उठलेच! आत्या, दत्ताजीराव पणजोबांनी पलटणीत असताना पंजाबकडच्या मिठाच्या डोंगरातून आणलेला तो दगड शाळिग्राम नाहीच. ते चक्र म्हणजे हेलिकोप्रिऑन नावाच्या माशाचे दात आहेत, सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीचे. खालच्या जबड्यात चकलीसारखं वेटोळं. जुने दात पडायचे नाहीत, आत गुंडाळले जायचे. चार पिढ्या आपण माशाच्या कवळीला दुधाने आंघोळ घालतोय!

तो महिनाभर तपासायला मिळाला तर अशा नमुन्यावाचून अडलेला माझा प्रबंध उभा राहतो. नाही तर विषयच बदलावा लागेल, तीन वर्षं पाण्यात. कुरिअरने पाठवशील?

तुझी लाडकी (अजून असेन तर),
कौमुदी

बडोदे, १० फेब्रुवारी

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद.

आधी राग आला, मग हसू, मग पुन्हा राग. खंडेराव मार्केटातून तुळस मी आणायची ती माशासाठी? तुझा चुलतभाऊ शौर्य नंदेसरीहून कामावरून आला की देवघरापुढे उभा राहून ‘केम छो, माछलीबेन’ विचारतो. मेल्याला दोन दिवस चहा दिला नाही. भटजी इतकी वर्षं सांगत होते, बाईने शाळिग्रामाला हात लावू नये. आता माशाला चालेल का विचारलं, तर पंचांग चाळायला लागले! आणि विष्णूचा पहिला अवतार मत्स्यच ना? तुझ्या सरांना म्हणावं, आम्ही फार चुकलो नाही.

पण पाठवणार नाही. तुझ्या आजोबांनी जाताना तो माझ्या ओंजळीत दिला, एक दिवसही उपाशी ठेवू नकोस म्हणाले. कुरिअरच्या खोक्यात देव मला नाही घालवत गं. तुझी तीन वर्षं आठवून घास उतरत नाही.

माया पातळ करू नकोस.
आत्या

लखनौ, १८ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

जेव बाई नीट. विषय बदलते, सरांना सांगितलंय. देवाला उपाशी ठेवून मला पदवी नको. शौर्यला मात्र चहा दे.

तुझीच,
कौमुदी

बडोदे, २५ फेब्रुवारी

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद.

तू भांडली असतीस तर मी हटून बसले असते. तू भांडलीच नाहीस, तेच लागलं. सरांना कळव, विषय बदलायचा नाही. देव कुरिअरने येत नाही, माझ्या मांडीवर बसून येतोय. शनिवारचं तिकीट आहे. रोज सकाळी माझी पूजा होईल, मग दिवसभर तुमचा मासा. सुरी लावाल तर याद राखा.

बावीस वर्षं मी बडोद्याबाहेर पडले नाही. लग्नकार्यांनाही सांगायचे, देवाकडे कोण बघणार? आता तोच निघालाय, तर मला घरी बसायला सबबच उरली नाही. भीती वाटतेय आणि फार आनंदही होतोय. तुझं काम संपलं की आम्हा दोघांना एकदा समुद्रावर ने. मी तो अजून पाहिलेला नाही, आणि त्याला पाहून तर युगं लोटली.

बाकीचा लोभ समक्षच देते.
तुझी आत्या